लोभी माणसाचं नाक

दुबईतल्या आमच्या छोट्या मराठी नाट्यमंडळाची मालमत्ता म्हणजे दोन माइक, एक घडीचा पडदा, एक पत्र्याची ट्रंक आणि त्या ट्रंकेतलं एक नाक. नाक रबराचं आहे. लांब, टोकाला पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, मागे इलॅस्टिक. हे नाक म्हणजे लोभी माणूस. सावकार असो, बिल्डर असो, भाडं वाढवणारा घरमालक असो नाहीतर हुंड्याला हपापलेला नवरदेवाचा मामा असो, त्याने ते नाक चढवायचं, कमरेला नाण्यांची थैली अडकवायची आणि हात चोळत विंगेतून बाहेर यायचं. पहिल्या रांगेतली पोरं तिथेच खिदळायला लागतात. एकदा ऐन प्रयोगात नाक सापडेना. नट बिचारा स्वतःच्या जन्मजात नाकाने रंगमंचावर गेला, आणि अर्धं नाटक होईपर्यंत प्रेक्षक त्याला नायिकेचा डॉक्टर समजत होते.

मंडळाची नाटकं मी बसवतो. दिवसा मी रास अल खैमाच्या एका कारखान्यात तयार होणारी वॉश बेसिन आणि कमोड विकतो, आणि संध्याकाळी अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये दिग्दर्शक होतो. इथे प्रयोग करायचा तर आधी परवानगी लागते आणि परवानगीसाठी संहितेचा इंग्रजी सारांश द्यावा लागतो. सारांश लिहिण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. नाटकात दोन बायका, एक भूत आणि दारूचं पिंप असलं तरी माझा सारांश एका वाक्याचा: एक कुटुंब प्रामाणिकपणाचं महत्त्व शिकतं. मग प्रयोगात पिंपात सरबतच भरतो आणि भुताला ज्येष्ठ नागरिक करतो. मी नियम मोडत नाही. त्यांच्या कडेकडेने नाचतो, आणि खरं सांगायचं तर त्या नाचात मला नाटकापेक्षा जास्त मजा येते.

आमची मुलगी इथेच जन्मली आणि मंडळाच्या बालनाट्यांत वाढली. एका परदेशी विद्यापीठाच्या दुबईतल्या शाखेत ती तिसऱ्या वर्षाला आहे. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. भांडायचं असलं की मात्र मराठीत येते, कारण भांडणाचा सगळा शब्दसाठा तिने आईकडून घेतला आहे.

गाझातलं युद्ध सुरू झालं तशी ती अस्वस्थ राहायला लागली. लांबच्या देशांतली मुलं कॉलेजच्या हिरवळीवर तंबू ठोकून बसली होती, ते ती जेवताना फोनवर बघायची. इथे तंबू फक्त वाळवंटात असतात आणि त्यांत पर्यटक कबाब खातात. इथे मोर्चा निघत नाही, ही गोष्ट आम्हाला सगळ्यांना इतकी ठाऊक आहे की ती कुणी कुणाला सांगायच्या भानगडीत पडत नाही.

तिच्या वर्गात एक पॅलेस्टिनी मुलगा आहे. जन्म शारजाचा, आत्या गाझात. आत्याचा फोन आला की तो वर्गातून बाहेर धावत जायचा. फोन येईनासा झाल्यावर तो वर्गातच बसून राहायला लागला. त्याने एक छोटं नाटक लिहिलं. एका शहरातलं पाणी संपत आलंय, एक मुलगा रिकामा कॅन घेऊन दारोदार हिंडतोय आणि एक व्यापारी दर प्रवेशाला पाण्याचा भाव वाढवतोय. शहराला नाव नाही, देशाला नाव नाही, झेंडा नाही. विद्यापीठाने या अटी आधीच घातल्या होत्या आणि त्या पाळल्यावर मधल्या चौकात प्रयोग करायला परवानगी दिली होती. रिकामा कॅन घेऊन फिरणारा तो स्वतः. व्यापारी आमची मुलगी.

"बाबा, ट्रंकची किल्ली कुठेय?" तिने एका संध्याकाळी विचारलं.

"का गं?"

"आय नीड द नोज."

मला भरून आलं. हसू नका, खरंच आलं. पोरगी आपल्या मंडळाची परंपरा विद्यापीठात घेऊन चालली आहे, या आनंदात मी नाक स्वतः ओल्या फडक्याने पुसून, थैलीत चमचे भरून तिच्या हवाली केलं. चमचे नाण्यांपेक्षा जास्त खणखणतात.

तालमीला चौकात वीस-पंचवीस मुलं जमली होती. त्यांत तिची जिवलग मैत्रीण होती. ही मुलगी केपटाउनची, ज्यू, वडील विमान कंपनीत पायलट. पहिल्या वर्षापासून ती आमच्या घरची. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट कमी पडलं तर सांगण्याइतकी घरची. व्यापारी नाक लावून, थैली वाजवत, हात चोळत बाहेर आला तेव्हा मुलं हसली. ही मात्र उठली आणि निघून गेली.

आमची तिच्यामागे कॉरिडॉरमध्ये गेली. मैत्रीण म्हणाली, "ते नाक काढ. प्लीज."

आमची हसली. म्हणाली, "अगं, ते आमच्या मंडळाचं नाक आहे. इट्स प्रॅक्टिकली फॅमिली."

बस, एवढंच. दोन दिवसांनी मैत्रिणीने डीनबाईंना मेल केली. त्याच सुमारास कुणीतरी काढलेला नाकाचा आणि थैलीचा फोटो सगळ्या विद्यार्थ्यांच्या फोनवर फिरला. नाटक थांबवलं गेलं आणि आमच्या मुलीला विद्यापीठाची मेल आली. ज्यूंचा द्वेष पसरवल्याची तक्रार आहे, पुढच्या बुधवारी समितीपुढे सुनावणी आहे, निर्णय ताकीद देण्यापासून विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत काहीही होऊ शकतो. सोबत एक निवेदन जोडलं होतं. त्यावर आधीच सही केली तर सुनावणीची गरज उरणार नव्हती.

माझी बायको जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत कम्प्लायन्स बघते, म्हणजे लोकांनी काय करू नये ते त्यांना सभ्य भाषेत कळवते. तिने चष्मा लावला आणि निवेदन वाचून दाखवलं. मजकूर दोन ओळींचा होता: हे नाटक द्वेष पसरवणारं होतं आणि मी ते स्वेच्छेने मागे घेत आहे.

"सही कर," बायको म्हणाली.

"नो."

"सही कर आणि मोकळी हो. तिसरं वर्ष आहे तुझं. काढलं तर कुठे जाणारेस? पुण्याला, आत्याकडे?"

"आई, नाक चुकलं असेल. नाटक नाही चुकलं. आणि नाटक त्याने लिहिलंय. मी लिहून दिलं की नाटक द्वेषाचं होतं, तर पुढची मेल कुणाला जाईल?"

बायकोने चष्मा काढला. ती गप्प बसली म्हणजे मुद्दा तिला पटला, हे तीस वर्षांच्या अनुभवाने मला कळतं. मुलीला ते अजून कळत नाही, म्हणून ती आणखी चिडली.

"त्याच्याकडे परत जायला पुणं नाहीये," ती म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आता माझी एंट्री. मी दार किलकिलं करून आत डोकावत म्हटलं, "हे बघ, सारांश लिहिण्यात तुझा बाप वस्ताद आहे. मी असं लिहितो की त्यांनाही बरं वाटेल आणि तूही काहीच कबूल केलेलं नसेल. एका विद्यार्थिनीला रंगभूषेचं महत्त्व कळलं, असं काहीतरी."

"बाबा, यू आर एन्जॉइंग धिस."

"अजिबात नाही."

"यू आर. तुम्हाला कुणाला तरी गुंडाळायला मिळालं की मजा येते. मला कुणाला गुंडाळायचं नाहीये."

मी बाहेर आलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर बोलतेय ती." मी फ्रिज उघडला. काही खायचं नव्हतं, तरी उघडला. मग बंद केला आणि पुन्हा उघडला.

त्या आठवड्यात मला एका जागी बसवेना. रास अल खैमाच्या रस्त्यावर वळण चुकलो आणि पार डोंगराच्या पायथ्याला जाऊन पोहोचलो. तिथे एका पाकिस्तानी मेंढपाळाने मला रस्ता दाखवला आणि वर विचारलं, साहेब, तब्येत ठीक आहे ना. एका अरब गिऱ्हाइकाला मी हस्तिदंती रंगाऐवजी राखाडी कमोडचं कोटेशन लिहून दिलं. तो म्हणाला, हबीबी, घर लग्नाचं आहे, तुरुंगाचं नाही. एरवी हे दोन्ही किस्से मी मंडळात महिनाभर पुरवले असते. या वेळी घरी येऊन कुणाला सांगितलेही नाहीत. मुलीला काढून टाकतील का, एवढंच डोक्यात घरघरत होतं, बंद न होणाऱ्या एसीसारखं. आणि त्याच्या खाली आणखी एक प्रश्न होता, जो मी कुणाला विचारू शकत नव्हतो: त्या नाकात एवढं काय आहे?

कारण माझ्या डोक्यात ज्यू माणसाला तसलं नाक कधी नव्हतंच. मी रेवदंड्याजवळच्या गावात वाढलो. आमच्या शेजारी एक ज्यू कुटुंब राहायचं. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, कारण त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. शेजारच्या मावशी नऊवारी नेसायच्या, माझ्या आईइतक्याच फटकळ होत्या आणि नवस फेडला की पोहे, खोबरं, गूळ, केळी कालवलेला मलिदा आमच्या घरी पाठवायच्या. त्यांचं नाक माझ्या आईच्या नाकासारखं होतं, फक्त चमकी जरा मोठी. पुढे ते कुटुंब इस्रायलला गेलं. जाताना मावशी माझ्या आईच्या गळ्यात पडून मराठीत रडल्या. ज्यू म्हटलं की मला अजूनही मलिदाच आठवतो. मग रबराच्या नाकात मला ज्यू दिसणार कुठून?

शनिवारी दुपारी बायकोने परस्पर मैत्रिणीला फोन केला. "खिचडी केलीय. ये." ती येणार असल्याचं मुलीला शेवटच्या क्षणी सांगितलं. दार वाजलं तेव्हा मुलगी सोफ्यावर मांडी घालून, फोनमध्ये तोंड घालून बसली होती आणि तशीच बसून राहिली.

मैत्रीण आत आली. चपला नेहमीसारख्या बाहेर काढल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, केव्हाही उठता येईल अशी. दोघी इंग्रजीत बोलत होत्या, मी मराठीत सांगतो.

"मी सही करू नकोस म्हणायला आलेय," ती म्हणाली.

"तुझ्यामुळेच सहीची वेळ आलीय," आमची म्हणाली. फोनमधून डोकं वर न काढता.

"मी नाक काढा एवढंच लिहिलं होतं. नाटक बंद करा असं लिहिलं नव्हतं."

"मग मला सांगायचं. डीनला का?"

"तुला सांगितलं होतं. कॉरिडॉरमध्ये. तू हसलीस."

आता आमच्या मुलीने फोन खाली ठेवला.

मैत्रीण म्हणाली, "इथे आल्यापासून मी गळ्यातली चेन शर्टाच्या आत घालते. आईने सांगितलंय. हे युद्ध सुरू झाल्यापासून वर्गात मी आले की लोक विषय बदलतात. किंवा मुद्दाम तोच विषय काढतात. मी कुणाला काही बोलले नाही. पहिल्यांदा एका माणसाला बोलले, ती तू होतीस. आणि तू हसलीस."

 शांतता मला सहन होत नाही, हा माझा जुना आजार. मी डाव हातात धरून उभा होतो, तसाच पुढे झालो. "बेटा, राग मानू नकोस, पण त्या नाकात नक्की काय आहे? आमच्याकडे ते प्रत्येक लोभी माणसाला लावतात."

"हो अंकल. तेच तर आहे." ती माझ्याकडे वळली. "नाक, थैली, चोळलेले हात. तिन्ही एकत्र. माझी पणजी लिथुआनियाची. तिच्या लहानपणी युरोपात ज्यूंची अशी चित्रं पेपरात छापायचे, भिंतींवर लावायचे. ज्यू म्हणजे हा, दुसऱ्याच्या मरणावर पैसे करणारा. आधी कित्येक वर्षं चित्रं होती. मग माणसं मारली. पणजी लग्न होऊन केपटाउनला आली होती म्हणून वाचली. तिच्या गावात मागे राहिलेलं कुणी वाचलं नाही. आणि नाटकात तोच माणूस तहानलेल्या पॅलेस्टिनी मुलाला पाणी विकतोय. शहराला नाव दिलं नाही म्हणून काय झालं? तो व्यापारी कोण, हे तुमच्या नाकाने सांगून टाकलं."

मी थक्क झालो. आमच्या बर्शाच्या पार्टी हॉलमधलं नाक असा प्रवास करून आलेलं असेल, हे माझ्या स्वप्नात आलं नसतं. मी घाईघाईने मावशींची गोष्ट सांगायला लागलो. नऊवारी, घाणा, चमकी, मलिदा, सगळं. चांगली रंगवून सांगितली. नऊवारी नेसलेल्या ज्यू बायका म्हटल्यावर ती पहिल्यांदा हसली आणि फोटो आहे का विचारलं. मला वाटलं, झालं, मिटलं.

"छान आहे अंकल," ती म्हणाली. "पण त्याने नाकाचं काही बदलत नाही."

"अरे, तू बस जरा," बायको मला म्हणाली.

मी बसलो. आमची मुलगी उठली, मैत्रिणीच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि मराठीत म्हणाली, "चुकलं माझं. हसायला नको होतं." मैत्रिणीला मराठी येत नाही, पण तिला कळलं असावं. मग आमची इंग्रजीत म्हणाली, "आणि तो? त्याला त्या नाकात काय दिसलं माहितीये? त्याला वाटलं हा आमचा कुठला तरी देव आहे. विचारलं तर मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसला. आता त्याचं नाटक गेलं."

"मला त्याचं अर्धं नाटक पटत नाही," मैत्रीण म्हणाली. "माझे मामा इस्रायलमध्ये राहतात. त्यांच्या घरापाशीही रॉकेट पडतात. पण ते मला त्याला नाटक झाल्यावर सांगायचंय. नाटक होऊच न देता नाही."

"मग तक्रार मागे घे," मी म्हटलं. मला वाटलं मी फार सोपा मार्ग काढला.

"तक्रार एकदा आत गेली की ती करणाऱ्याची राहत नाही," बायको म्हणाली. "मी ऑफिसात रोज तेच करते. आता ती त्यांची आहे. आणि त्यांना नाटक बंद करायला कारण हवंच असेल, तर ते आयतं मिळालं."

त्यानंतर खिचडी गार झाली आणि सगळ्यांनी ती गारच खाल्ली. मुलींचं पुरतं जुळलं असं म्हणवत नाही. एकमेकींना वाटी द्यायच्या, पण नजर द्यायच्या नाहीत. मैत्रीण गेल्यावर आमची म्हणाली, "बुधवारी मी माझंच लिहून नेणार. तुम्ही दोघं त्याला हात लावायचा नाही." मी हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. ती हसली नाही.

बुधवारी आम्ही दोघं तिच्याबरोबर गेलो. आत आईबापांना प्रवेश नव्हता. बाहेर काचेच्या भिंतीजवळ दोन खुर्च्या होत्या, एकीवर बायको बसली, दुसरीवर तिची पर्स. मी येरझारा घालत होतो. भिंतीवर विद्यापीठाची मूल्यं मोठ्या अक्षरांत लिहिली होती, त्यांत अभिव्यक्ती होती, आदर होता, धाडससुद्धा होतं. धाडसाच्या बरोबर खाली अग्निशामक सिलिंडर टांगला होता. मी बायकोला तो दाखवला.

"बघितला," ती म्हणाली. "बस."

"बसवत नाही."

"मग तिकडे लांब जाऊन फीर. तुझे बूट वाजतायत."

थोड्या वेळाने मैत्रीण आली, आम्हाला मान हलवून आत गेली. आज तिची चेन शर्टाच्या बाहेर होती. मग तो मुलगा आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, हातात नाटकाची प्रत सुरळी करून धरलेली. मी त्याला ओळख सांगितली. तो म्हणाला, "सर, तुमचं नाक छान होतं," आणि मग त्याला काय बोलून गेलो ते कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं. तोही आत गेला. माझ्या ओठांवर आलेली तीन वाक्यं मी गिळली. बायकोला याचं फार आश्चर्य वाटलं, असं तिने नंतर सांगितलं.

आत काय झालं ते मुलीने परत येताना गाडीत सांगितलं. शेख झायेद रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या, त्यामुळे पूर्ण ऐकायला मिळालं. डीनबाई स्कॉटलंडच्या, फार सौम्य. त्यांनी निवेदन पुन्हा पुढे सरकवलं आणि पेनही दिलं. आमच्या मुलीने स्वतःचा कागद काढून वाचला. नाक आणि थैली हे ज्यूंच्या द्वेषाचं जुनं चित्र आहे, मला ते माहीत नव्हतं, पण मला सांगितल्यावरही मी हसले आणि ते जास्त वाईट होतं. मी त्याची माफी मागते. नाटक द्वेषाचं नाही. ते मी मागे घेत नाही.

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दोन्ही एकत्र कसं चालेल? तुला एकतर खेद आहे किंवा नाही."

"आणि तू?"

"मी म्हटलं, मला नाकाचा आहे, नाटकाचा नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मग तिला विचारलं की तुला आता सुरक्षित वाटतं का. ती म्हणाली, नाटक बंद केल्यामुळे जास्त असुरक्षित वाटतं, कारण आता सगळे समजतात मीच बंद केलं. ते मात्र त्यांनी नाही लिहून घेतलं."

"आणि तो?"

मुलीने खिडकीबाहेर बघितलं. "त्याला विचारलं की व्यापारी कोण आहे. तो म्हणाला, पाणी विकणारा. पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मग त्याने त्यांना आत्याबद्दल सांगायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या की हे या सुनावणीच्या कक्षेत येत नाही."

बायकोने मागे हात करून तिचा गुडघा धरला. मी आरशातून बघत होतो म्हणून पुढच्या गाडीवर आदळता आदळता राहिलो.

निर्णय यायला पुढचे काही दिवस लागले. त्या दिवसांत घरातला कुठलाही फोन किणकिणला की तिघंही एकदम उठायचो. मेल आली तेव्हा मी कारखान्याच्या गोदामात बेसिनांच्या रांगांमध्ये उभा होतो. बायकोने फोन केला. एरवी ती 'हॅलो' म्हणते. आज म्हणाली, "काढलं नाही."

मुलगी राहणार होती. तिला लेखी ताकीद मिळाली होती आणि वर्षभर कुठल्याही कार्यक्रमात भाग घ्यायला मनाई. नाटकाच्या परवानगीबद्दल सध्याची परिस्थिती पाहता विचार करता येणार नाही, असं लिहिलं होतं. लेखकाविरुद्ध काही कारवाई नव्हती. मी बेसिनावर बुक्की मारली, हाताला झिणझिण्या आल्या. येताना जिलबी घेतली, शिवाय फाफडा. आमच्याकडे कुणी फाफडा खात नाही, पण मला काहीतरी जास्त घ्यायचं होतं.

मुलीने जिलबीचा तुकडा तोडला आणि हातातच ठेवला.

"सुटलीस की," मी म्हटलं.

"त्याने माझ्या मेसेजचं उत्तर दिलं नाही, बाबा. तिचं म्हणणं आहे की त्याने तिच्या मेसेजचं दिलंय."

"काय दिलंय?"

"ती सांगत नाही."

सोमवारी मी तिला सोडायला गेलो. मेट्रोने जाते म्हणत होती, मी ऐकलं नाही. फाटकाशी जाळीच्या कुंपणातून मधला चौक दिसतो, जिथे प्रयोग व्हायचा होता. मुलं डबे खात होती. तो मुलगा एका बाकाच्या टोकाला बसला होता. आमची गाडीतून उतरली, बॅग खांद्यावर घेतली आणि वर्गाकडे न जाता सरळ चौकाकडे चालायला लागली. मैत्रीण दुसऱ्या बाजूने येत होती. ती थोडी अलीकडे थांबली, आमची जाते की नाही ते बघत. आमची बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तो उठला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. मग तिने काहीतरी म्हटलं, त्याने मान वळवली, आणि मैत्रीण पुन्हा चालायला लागली.

मी काच खाली केली. इतक्या लांबून काय ऐकू येणार, पण केली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी थांबलो, त्याने पुन्हा दिला. फाटकावरचा नेपाळी रखवालदार जवळ येऊन हिंदीत म्हणाला, "सर, इथे थांबायला मनाई आहे."

"एक मिनिट, भय्या. मुलगी आहे माझी."

"आत गेली ना सर. आता कशाला?"

 गाडी पुढे घेतली, वळसा घालून पुन्हा त्याच फाटकापाशी आलो. तोवर बाक रिकामा होता. तिघं एकत्र उठून गेले की तीन दिशांना, ते दिसलं नाही. संध्याकाळी मी अगदी सहज, चहा ढवळता ढवळता विचारलं, काय म्हणाला गं तो.

"नथिंग," ती म्हणाली आणि आईच्या हातची पोळी उचलून खोलीत गेली. आज तीन आठवडे झाले. मी रोज वेगळ्या पद्धतीने विचारतो.

"विचारायचं थांबव आता," बायको म्हणते.

"तुला सांगितलंय तिने?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत राहते.